थोडा मावा राहू द्या

2002 च्या जुलैत सांगली जिल्ह्यातल्या उसावर एक नवी कीड दिसली. पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेल्या किडींच्या दाट रांगा. त्यांच्या अंगातून झरणारा गोड चिकटा खालच्या पानांवर पडे, त्यावर काळी बुरशी चढे आणि बघता बघता हिरवा फड काजळून जाई. लोकांनी तिला लोकरी मावा म्हटले. थोड्याच काळात ती पश्चिम महाराष्ट्राच्या आणि उत्तर कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यात पसरली. शेतकऱ्यांनी हाताला लागेल ते औषध मारले. पण आठ-दहा महिन्यांच्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणार कसे? पाने अंग कापतात, सरीतून धड वाट मिळत नाही आणि कीड बसलेली पानाच्या पोटाला. फवारा वरून पडे, मावा खाली सुखरूप.

हा मावा आटोक्यात आला तो मुख्यतः तीन कीटकांमुळे. पहिला डिफा, एका पतंगाची अळी, जी माव्याच्या वसाहतीत जाळे विणून बसते आणि मावा फस्त करते. दुसरा मायक्रोमस, जाळीदार पंखांचा तपकिरी कीटक. तिसरी एन्कार्सिया फ्लॅवोस्क्युटेलम, गांधीलमाशीच्या गणातली पण डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसावा एवढी माशी. ईशान्य भारतात लोकरी मावा आधीपासून होता. तिथे त्याला लगाम घालणाऱ्यांत ही माशीही होती. शास्त्रज्ञांनी ती आसामातून आणली, दक्षिणेतल्या उसात सोडली आणि ती इथे रुजली. लोकरी मावा आजही अधूनमधून दिसतो, पण त्या वर्षांसारखा हाहाकार पुन्हा झाला नाही.

ही हकिकत सांगून झाली की आपण तिचा अर्धाच धडा घेतो: रसायनाऐवजी कीटक वापरावेत. हा भाग सोपा आणि ऐकायला गोड आहे. उरलेला अर्धा मात्र पचायला जड जातो. कीटकाकडून कीड आवरायची असेल तर कीड समूळ नष्ट करण्याचा हट्ट सोडावा लागतो. शेतात थोडा मावा राहू द्यावा लागतो, तोही नाइलाज म्हणून नव्हे, तर हिशेब करून. हे आपण मान्य करत नाही तोवर जैविक कीड नियंत्रण कृषी प्रदर्शनातल्या फलकांवरच राहील, असे माझे म्हणणे आहे.

थोडा मावा का हवा, हे समजून घ्यायला अशी माशी काय करते ते जवळून पाहावे लागते. मोहरीच्या किंवा कोबीच्या पानावर मावा जमला की त्याच्या मागावर डायरेटिएला नावाची माशी येते. लांबी दोन-तीन मिलिमीटर, रंग काळपट, कंबर बारीक. मादी माव्यासमोर उभी राहते, स्पर्शिकांनी त्याला चाचपते, मग आपले पोट पायांखालून पुढे वळवते आणि क्षणात एक अंडे त्याच्या अंगात टोचून मोकळी होते. एक मादी अशी शे-दोनशे अंडी घालू शकते. टोचलेला मावा लगेच मरत नाही. तो रस शोषत राहतो, काही दिवस पिलेही देतो. आत अंड्यातून निघालेली अळी आधी त्याच्या अंगातल्या द्रवावर जगते आणि जिवाला आवश्यक अवयव शेवटाला राखून ठेवते. आठवड्याभरात मावा आतून पोखरून संपतो. अळी त्याच्या पोटाला खालून चीर पाडते, रेशमाने ते कलेवर पानाला घट्ट चिकटवते आणि आतच कोष करते. बाहेर दिसतो तो फुगलेला, कागदासारख्या कवचाचा, सोनेरी-तपकिरी मावा. तज्ज्ञ त्याला ममी म्हणतात. आणखी चार-पाच दिवसांनी ममीच्या मागच्या बाजूला गोल झाकण कापून नवी माशी बाहेर पडते. पानावर गोल भोकाच्या रिकाम्या ममी दिसल्या की ओळखावे, इथे काम सुरू झाले आहे.

अशाच माश्यांच्या वागण्याने चार्ल्स डार्विन अस्वस्थ झाला होता. जिवंत सुरवंटाला आतून खाणारा जीव कोणा दयाळू परमेश्वराने मुद्दाम घडवला असेल हे आपल्याला पटत नाही, असे त्याने 1860 साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्रातून कळवले. त्याचा प्रश्न ईश्वराच्या स्वभावाचा होता. शेतीसाठी त्यातून निघते ते एवढेच: या माशीला आपल्या पिकाचे सोयरसुतक नाही. तिला तिची पिले वाढवायची आहेत आणि ती वाढतात फक्त माव्यात. शेतातला शेवटचा मावा संपला तर तिची पुढची पिढीही संपली. मग चार दिवसांनी शेजारच्या शिवारातून पंखांचा मावा उडत आला की त्याला अडवायला कोणी नसते. माव्याच्या माद्यांना नराची गरज नसते. त्या थेट पिले घालतात आणि त्या पिलांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. अशा किडीला मोकळे रान मिळाले तर पंधरा दिवसांत शेंडे भरून जातात.

फवारणीनंतर मावा दुप्पट जोमाने का येतो, हा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात आणि 'औषधात भेसळ होती' असे उत्तर त्यांना पटते. भेसळ असतेही. पण औषध अस्सल असले तरी हेच घडू शकते आणि त्यामागचे गणित शंभर वर्षे जुने आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी रोडावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांत शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढल्याचे उंबेर्तो दांकोना या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाला आढळले. त्याचे सासरे व्हितो व्होल्तेरा हे गणितज्ञ. त्यांनी 1926 साली समीकरणे मांडून दाखवले की भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सरसकट मारत राहिले तर सरासरीने भक्ष्य वाढते आणि भक्षक घटतो. इथे मासेमारीच्या जागी फवारणी ठेवा. मावा आणि माशी दोघे मरतात. मावा आठवड्यात उभा राहतो. माशीला मात्र आधी मावा वाढण्याची वाट पाहावी लागते आणि तोवर दुसरी फवारणी आलेली असते. सरसकट मारणारे औषध या अर्थाने माव्याच्याच बाजूचे ठरते. त्यात हिरव्या पीच माव्यासारखी कीड सत्तरहून अधिक कीटकनाशकांना पचवायला शिकली आहे. तेव्हा मरतात त्या माश्या, टिकतो तो मावा.

बियाण्याला चोळायची किंवा मुळातून झाडात भिनणारी औषधे वापरली तर मित्रकिडी वाचतात, असा एक समज आहे. 2019 मध्ये स्पेनमधल्या संशोधनाने त्यालाही धक्का दिला. निओनिकोटिनॉइड वर्गातली औषधे दिलेल्या लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणाचा गोड स्राव तपासला, तर त्यात ती औषधे उतरली होती. तो स्राव चाटणाऱ्या परोपजीवी माश्या आणि सिरफिड माश्या मेल्या. फवारा उडाला नाही तरी ताटातच विष होते.

मग किती मावा राहू द्यायचा? या प्रश्नाचे पहिले नीट उत्तर मिळाले कॅलिफोर्नियात. 1954 च्या सुमारास तिथल्या लसूणघासावर ठिपकेदार मावा आला आणि पिके बसली. जालीम औषधे मारून झाली, मावा त्यांना सरावलाही. व्हर्नन स्टर्न, रे स्मिथ, रॉबर्ट व्हॅन डेन बॉश आणि केनेथ हेगन या कीटकशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. बाहेरून आणलेल्या परोपजीवी माश्या सोडल्या, ढालकिड्यांना जपले आणि औषध लागेलच तिथे ते कमी मात्रेत, मित्रकिडी वाचतील असे बेतून दिले. 1959 साली त्यांनी हा अनुभव एका निबंधात मांडला. आज जगभर वापरली जाणारी आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना तिथून आली. किडीमुळे होणारे नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल तेव्हाच हात उचलावा, तोवर कीड दिसली तरी थांबावे. आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत ही पातळी वर्षानुवर्षे छापली जाते. शेतात मात्र कीड दिसली की फवारणी हाच नियम चालतो.

इथे शेतकऱ्याला बोल लावणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. त्याच्या बाजूने पाहा. करडई फुलोऱ्याकडे निघाली आहे, शेंड्यावर काळा मावा आहे, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे. कृषी सेवा केंद्रात जो माणूस सल्ला देतो तोच औषध विकतो. फवारले तर निदान काहीतरी केल्याचे समाधान मिळते, घरच्यांना आणि भावकीला उत्तर देता येते. थांबला आणि पीक गेले तर 'बघत बसला' असे सगळे म्हणणार. वाट पाहण्याचा धोका त्याच्या एकट्याच्या पदरात आणि त्याचा फायदा मात्र साऱ्या शिवाराला. असा व्यवहार कोणीही शहाणा माणूस करणार नाही. त्याला नुसता संयमाचा उपदेश करून भागणार नाही, हे जैविक नियंत्रणाच्या पुरस्कर्त्यांनी आधी मान्य केले पाहिजे.

मात्र फवारणीचा धोकाही तितकाच खरा आहे आणि तो आपण हिशेबात धरत नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषधे फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पंपाच्या बाजूच्या तागडीत ते मृत्यू घालायचे, की मावा राहू दिल्याचे नुकसान तेवढे मोजायचे?

या मार्गाच्या मर्यादाही उघड बोलल्या पाहिजेत, नाहीतर पहिल्याच अपयशाला लोक पाठ फिरवतील. पपईवरच्या रिंगस्पॉट विषाणूचेच बघा. मावा पानात सोंड खुपसून क्षणभर चव घेतो, तेवढ्यात विषाणू पसरतो. माशी त्या माव्याला आठवड्याने मारेल, पण तोवर झाड गेले. तिथे थोडा मावाही परवडत नाही. निरोगी रोपे, कडेने मका-ज्वारीच्या दाट ओळी आणि रोगट झाड दिसताच उपटणे हेच उपाय चालतात. केळीच्या पर्णगुच्छ रोगालाही हेच लागू. माव्याच्या बाजूनेही डावपेच असतात. काही माव्यांच्या शरीरात असे जिवाणू राहतात की माशीचे अंडे आतच मरते. 2003 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वाटाण्याच्या माव्यात हे दाखवून दिले. मुंग्या गोड स्रावाच्या लोभाने माव्याची राखण करतात आणि माश्यांना हुसकावतात. शिवाय ममीतल्या माशीला पोखरणाऱ्या दुसऱ्या माश्या असतात. निसर्गात कोणाचाही अंतिम विजय होत नाही, तेव्हा माशीकडूनही तो मागू नये.

बाहेरून कीटक आणताना तर पावलोपावली सावधगिरी हवी. अमेरिकेने 1906 पासून एका पतंगाच्या बंदोबस्तासाठी युरोपातली कॉम्प्सिल्युरा ही माशी सोडली. ती शेकडो जातींवर जगणारी निघाली आणि तिथल्या देखण्या देशी रेशीमपतंगांच्या मुळावर उठली. उलट जी माशी एका किडीला बांधलेली असते ती सहसा तिच्यापुरतीच राहते. हवामानाचेही तसेच. कॅलिफोर्नियातल्या अक्रोडाच्या माव्यासाठी 1959 मध्ये फ्रान्सहून आणलेली माशी किनाऱ्याजवळ टिकली, आतल्या तापलेल्या खोऱ्यात टिकली नाही. 1968 मध्ये त्याच जातीची इराणची माशी आणली आणि ती त्या उन्हात रुळली. म्हणजे या कामाला वर्गीकरणाचे ज्ञान लागते, विलगीकरणाची प्रयोगशाळा लागते, वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. कोणी हौसेने परदेशी कीटक आणून सोडावेत असा हा प्रकार नाही.

ही चिकाटी बाजारातून येणार नाही. औषधाची बाटली दर हंगामात विकली जाते. परोपजीवी माश्या वाढणाऱ्या अंड्यांचे ट्रायकोकार्डही पुन्हापुन्हा लावावे लागते, म्हणून ते विकणारे मिळतात. पण आसामातून आलेली ती एन्कार्सिया एकदा रुजली की स्वतः वाढते, बांध ओलांडते, पैसे न दिलेल्या शेतातही काम करते. तिची विक्री एकदाच, तीही धडपणे होणार नाही. जो उपाय सर्वांत स्वस्त तोच विकायला सर्वांत निकामी, म्हणून तो सार्वजनिक पैशातूनच यावा लागतो. 2008 मध्ये कोइम्बतूरजवळ आढळलेला पपईवरचा पिठ्या ढेकूण महाराष्ट्रातही पोहोचला, तेव्हा 2010 मध्ये बंगळूरूच्या सरकारी संस्थेने प्वेर्तो रिकोहून तीन परोपजीवी माश्या मागवल्या, तपासल्या, वाढवल्या आणि विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रांमार्फत शेतापर्यंत पोहोचवल्या. त्यांतल्या असेरोफॅगस पपाया या माशीने पिठ्या ढेकूण मोडून काढला. आजही बहुतेक पपई उत्पादकांना तिचे नाव माहीत नसेल. जे काम नीट झाले त्याची आठवण राहत नाही आणि आठवण नसलेल्या कामाला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही.

लोकरी माव्याच्या वेळी महाराष्ट्राकडे आणखी एक गोष्ट होती, तिची चर्चा फार होत नाही. साखर कारखान्यांची कार्यक्षेत्रे. कारखान्याला शेतकी विभाग असतो, गटागटाला उसाच्या नोंदी ठेवणारा चिटबॉय असतो, कोणाचा ऊस कुठे आणि किती महिन्यांचा हे कागदावर असते. ऊस शेडनेटखाली घेऊन त्यावर डिफा वाढवायचा आणि अळ्या-कोष सभासदांना वाटायचे, हे अशा व्यवस्थेत शक्य झाले. मित्रकिडीला एका माणसाचे वावर पुरत नाही. माझ्या शेतात जपलेली माशी शेजाऱ्याच्या फवाऱ्यात मरते. एकट्याने संयम पाळायचा म्हणजे स्वतःच्या पिकाचा बळी देणे. गावाने मिळून पाळला तर तो स्वस्त पडतो. सहकाराने आपल्याला साखर दिली, दूध दिले. शिवारभर एकाच वेळी हात आवरायचा सहकार त्या मानाने कमी खर्चाचा आहे, फक्त त्याला भांडवलाऐवजी भरवसा लागतो.

हा भरवसा येण्याजोगी पावले उचलता येतात. कृषी विभाग 2009 पासून क्रॉपसॅप प्रकल्पातून गावोगावच्या किडींची निरीक्षणे घेतो. त्यावरून निघणाऱ्या सल्ल्यात किडींइतकेच वजन ममींना आणि ढालकिड्यांना मिळाले पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेच्या पद्धतीत दोन किडींमागे एक मित्रकीड असेल तर फवारणी टाळावी, असा ढोबळ हिशेब दिला आहे. तो शेतशाळेत पानावर बोट ठेवून शिकवावा. कपाशीच्या कडेने चवळी लावायची शिफारस जुनीच आहे. चवळीवर मावा येतो, त्याच्यावर ढालकिडे आणि क्रायसोपा पोसले जातात आणि ते पुढे कपाशीत उतरतात. बांधावरची कोथिंबीर, बडीशेप फुलू दिली तर प्रौढ माश्यांना मकरंद मिळतो. तणनाशकाने बांध भाजून काढणाऱ्याने हा मकरंदही भाजला, हे त्याला कोणी तरी सांगायला हवे. आणि सल्ला मानून थांबलेल्या शेतकऱ्याचे पीक गेलेच, तर ते नुकसान सल्ला देणाऱ्या व्यवस्थेने वाटून घ्यावे. गावागावात असा छोटासा हमी निधी असेल तर 'थांबा' या शब्दाला वजन येईल.

ग्राहकांचाही यात वाटा आहे. मंडईत एका कोबीच्या पानावर चार मावे दिसले की आपण गड्डा परत ठेवतो आणि घरी येऊन विषमुक्त भाजीवर बोलतो. निष्कलंक पान हवे आणि विषही नको, या दोन्ही मागण्या एकाच भावात पूर्ण होत नाहीत. पानाखाली एखादी तपकिरी ममी दिसली, तर त्या शेतात माश्या जगू शकतात एवढे तरी त्यावरून कळते. ते पान धुवावे आणि भाजी करावी.

शेतकऱ्याला विनंती एकच आहे. पुढच्या वेळी शेंड्यावर मावा दिसला, तर पंप भरण्याआधी वीस-पंचवीस झाडांची पाने उलटून पाहा. फुगलेल्या, सोनेरी किंवा काळ्या ममी मोजा, ढालकिड्यांच्या अळ्या मोजा. त्या पुरेशा असतील तर चार दिवस थांबा आणि त्याच झाडांवर पुन्हा मोजा. ममी वाढल्या असतील तर पंप खोलीतच राहू द्या. वाढल्या नसतील आणि मावा नुकसानीच्या पातळीपलीकडे गेला असेल, तर फक्त लागलेल्या भागावर आणि मित्रकिडींना कमीत कमी इजा करणारे औषध मारा. सरकारला विनंती याहून मोठी आहे: या चार दिवसांचा धोका शेतकऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवू नका.